निवदाला बेकन

कावळा शिवला नाही, इथून सगळं सुरू झालं.

आण्णांना जाऊन तिसरा दिवस. रक्षाविसर्जन. पंचगंगेच्या घाटावर पत्रावळीत सगळं नीट मांडून ठेवलेलं: दहीभात, हॉटेलातली कांदाभजी, कपात चहा, तंबाखूची पुडी आणि आण्णा जन्मभर ज्याच्यावर जगले ते जयसिंगपूरचं भडंग. माणसं मागं सरकून हात जोडून उभी राहिली. घाटावर कावळ्यांना काय तोटा? कठड्यावर वीस-पंचवीस तरी बसले होते. त्यातला एक खाली उतरला, पत्रावळीभोवती चालत एक फेरी मारली, मान वाकडी करून भज्याकडं बघितलं आणि शेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी निवदावर जाऊन खायला लागला. कृष्णात इंगवलेला हा अपमान वाटला. मेलेल्या भावाचा, आणि थोडासा स्वतःचाही.

कृष्णात हा आण्णांचा धाकटा भाऊ. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं आवक-जावक सांभाळून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, त्यामुळं कुठलंही काम अडलं की ते नेमकं कुठल्या टेबलावर अडलंय एवढं त्याला लगेच कळायचं. इथं टेबल कुठलं तेच कळेना.

"बोला की रं काय तरी," गुंडूतात्या म्हणाले. गुंडूतात्या म्हणजे भावकीतलं सगळ्यात जुनं माणूस. असल्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. "विजूचं, तुमच्या आण्णाचं, मन अडकलंय कशात तरी."

मग एकेकानं आण्णांना शब्द द्यायला सुरुवात केली. लेकीच्या, शिवानीच्या बाळंतपणाला वहिनींना अमेरिकेला पाठवू. कावळा आला नाही. घराचा स्लॅब गळतोय, पावसाच्या आत बघून घेतो. नाही. गावाकडच्या सामाईक विहिरीचं भांडण मिटवतो, असं एक चुलतभाऊ भावनेच्या भरात बोलून गेला आणि लगेच त्याचं तोंड उतरलं. पण कावळ्यानं त्यालाही सोडवलं, आला नाही. ऊन वर आलं. भज्यांवर माशा बसायला लागल्या.

तेव्हा तीन दिवसांत एक अक्षर न बोललेल्या आण्णांच्या पत्नी, मीनावहिनी, बोलल्या.

"त्यांचं ते राहिलंय. चॉकलेटातलं."

"काय चॉकलेटातलं?" तात्यांनी विचारलं.

"डुक्कर. भावजींनी शब्द दिलता."

शंभर माणसांनी एकदम मान वळवून कृष्णातकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी माणसं त्याच्याकडं बघत होती, आणि ती कशासाठी, तर डुकरासाठी.

आता हे काय प्रकरण, ते सांगायला पाहिजे. आण्णा म्हणजे विजयसिंह इंगवले, गारगोटीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त. सहा वर्षांपूर्वी ते लेकीकडं अमेरिकेला गेलते. तिथं कुठल्याशा जत्रेत शिवानीनं त्यांना काडीला लावलेलं बेकन खायला घातलं. बेकन म्हणजे खारवून, धूर देऊन, पातळ कापलेलं डुकराचं मांस. ते कुरकुरीत तळायचं आणि वितळलेल्या चॉकलेटात बुडवायचं. आण्णा परत आले आणि त्यांनी विमानाचं सांगितलं नाही, बर्फाचं सांगितलं नाही. गल्लीला सहा वर्षं ऐकवलं ते हेच. "आरं, वरनं गोड, आतनं खारट! तुमच्या रश्श्याच्या तोंडात मारंल!" कोल्हापुरात उभं राहून तांबड्या रश्श्याबद्दल असं बोलायला छातीच लागते.

मग आण्णा आजारी पडले, ते उठलेच नाहीत. कृष्णात बघायला गेला तेव्हा त्यानं सगळे विचारतात तेच विचारलं, "आण्णा, काय खावंसं वाटतंय? काय आणू?" आण्णा जरा वेळ वर पंख्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ते बेकन खायचंय रं. चॉकलेटातलं. तू आणशील?"

"आणतो की. त्यात काय."

हा अर्ज कृष्णातच्या डोक्यात आवक झाला आणि तिथंच राहिला. प्रयत्न केला नाही असं नाही. दोन दुकानांत विचारलं. एकानं चॉकलेट दाखवलं, दुसऱ्यानं हाकलून लावलं. मग त्यानं ठरवलं, बघू, पुढच्या आठवड्यात. पण शब्द दिलेला, आणि आजारी माणसाकडं हात हलवत जायचं कसं? आण्णा विचारतील, आणलंस का रं? म्हणून तो गेलाच नाही. आण्णांचं घर दोन गल्ल्या सोडून. दूध आणायलासुद्धा तो तालमीला वळसा घालून जायला लागला. असे तेवीस दिवस गेले. चोविसाव्या दिवशी सकाळी फोन आला.

घाटावर तात्यांनी निवद गाईला घातला आणि निकाल दिला. "बाराव्याला हितंच निवद ठेवायचा, आणि त्यात ते डुक्कर पाहिजे. किश्न्या, नऊ दिवस हायत तुला."

वहिनींनी पदर सावरला आणि कृष्णातकडं न बघता निघून गेल्या. त्यानंतर त्या त्याच्याशी बोलायच्या बंद झाल्या. रडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. चहा पुढं ठेवायच्या आणि आत जायच्या. कृष्णातला चहा जाईना. बाराव्यालाही कावळा शिवला नाही, तर ही बाई उरलेला जन्म आपल्याला असाच मुक्यानं चहा देत राहणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले यायला लागले. कृष्णातच्या अपार्टमेंटचे चेअरमन धैर्यशीलराव म्हणाले, "मटणच घ्या आणि बुडवा चॉकलेटात, कावळ्याला काय कळतंय?" त्यावर खालच्या मजल्यावरच्या शालूबाई म्हणाल्या, "कावळ्याला न्हाय कळायचं, पर आत आण्णा हायत न्हवं!" हे सगळ्यांना पटलं. कुणीतरी म्हणालं, उडदाचं पीठ मळून डुकराच्या आकाराचं करा. कृष्णातची बायको अनुजा एवढंच म्हणाली, "काय करायचं ते करा. माझ्या ओट्यावर डुक्कर येणार न्हाय. फ्रिजमध्ये तर बिलकूल न्हाय."

शेवटी कृष्णातनं सम्राटला फोन लावला. सम्राट हा त्याच्या हाताखाली सात वर्षं काम केलेला, आता सावंतवाडीला बदली झालेला. तिथनं गोवा हाकेच्या अंतरावर. "साहेब, काळजीच करू नका," सम्राट म्हणाला. पण त्याला रजा मिळेना, कारण त्याच्या साहेबांनी कारण लेखी मागितलं आणि सम्राट ते कारण लिहायला धजेना. आठव्या दिवशी एकदाचा तो गोव्याला गेला आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून, त्यात बेकन ठेवून, ते रात्रीच्या खासगी गाडीनं पाठवून दिलं.

नवव्या दिवशी सकाळी कृष्णात पार्सलच्या ऑफिसात. काउंटरवर चष्मा दोरीला अडकवलेला एक गृहस्थ. त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं, थांबवलं. कृष्णातला त्या बोटाची ओळख पटली. तेहतीस वर्षं त्यानं स्वतः असंच बोट थांबवलं होतं.

"विजयसिंह इंगवले कोण?"

झालं होतं असं, की ज्याच्यासाठी खाणं त्याचंच नाव टाकावं म्हणून सम्राटनं श्रद्धेनं खोक्यावर आण्णांचं नाव घातलं होतं.

"माझे थोरले भाऊ."

"मग त्यांना पाठवा. ज्याच्या नावाचं पार्सल, त्यालाच मिळणार."

"ते वारले वो."

"कधी?"

"आज नववा दिवस."

गृहस्थांनी वहीत बघितलं. "पार्सल तर कालचं हाय. मेलेल्या माणसाला पार्सल कसं काय आलं?"

खरं म्हणजे प्रश्न बरोबर होता. कृष्णातनं स्वतः त्या खुर्चीत बसून हाच विचारला असता.

"मृत्यूचा दाखला आणा," गृहस्थ म्हणाले, "आणि वारसाचं संमतिपत्र."

"आवं, आत बर्फ हाय. वितळंल."

"मग लवकर आणा."

दाखला हातात पडायला अजून दिवस होते. कृष्णातनं स्मशानातल्या नोंदीच्या पावतीची झेरॉक्स काढली आणि संमतिपत्राचा मसुदा स्वतः लिहिला. मसुदा लिहिताना त्याला जरा बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला. 'मी खाली सही करणार, कैलासवासी विजयसिंह इंगवले यांची पत्नी, लिहून देते की, त्यांच्या नावे आलेले बेकन एक किलो माझे दीर कृष्णात इंगवले यांच्या ताब्यात देण्यास माझी कोणतीही हरकत नाही.' तो कागद घेऊन वहिनींच्या पुढं उभा राहिला, आणि मग मात्र त्याला बरं वाटेना. वहिनींनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. सही केली. 'कैलासवासी' या शब्दावर त्यांचं बोट जरा वेळ राहिलं, आणि कागद त्यांनी परत दिला.

दहाव्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच तो दारात. गृहस्थांनी सगळं तपासलं आणि विचारलं, "हे बेकन म्हणजे काय असतंय?"

"डुक्कर."

गृहस्थांनी खोक्यावरचा हात झटकन काढला. मागची रांग दोन पावलं मागं सरकली. "आवं, मग आधी सांगायचं की! कालच दिलं असतं. रात्रभर शेजारी घेऊन बसलोय मी!"

आता चॉकलेट. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात कृष्णात गेला आणि म्हणाला, "चॉकलेट द्या, बिनसाखरेचं." दुकानदारानं विचारलं, घरात शुगर हाय का कुणाला? कृष्णात म्हणाला, "भावाला. लई हाय. जपायला लागतंय." पिशवी घेऊन रस्त्यावर आल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. एका बंद दुकानाच्या पायरीवर तो थोडा वेळ बसला. बदलून आणायला काही गेला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी अपार्टमेंटच्या गच्चीवर तीन विटा मांडून चूल केली. चेअरमन धैर्यशीलरावांनी आधी अर्ज घेतला आणि मग खुर्ची घेतली. पण चूल पेटवायच्या आधीच गुंडूतात्या जिना चढून आले.

"किश्न्या, सुतक हाय. सुतकात तळण चालत न्हाय."

ही अडचण कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. कृष्णातनं धीर करून सांगितलं, "तात्या, ह्याला तेल लागत न्हाय. ते स्वतःच्याच चरबीत तळतंय."

तात्यांनी काठीवर हनुवटी टेकवली. बराच विचार केला. "म्हणजे आपण तळायचं न्हाय. त्याचं त्यानं तळून घ्यायचं."

"व्हय."

"मग आपल्याला दोष न्हाय. आणि गोडाचं काय? सुतकात गोड न्हाय चालत."

"बिनसाखरेचं हाय, तात्या."

"मग तुला खुळ्याला कोण म्हणालं की तुला अक्कल न्हाय?" तात्या म्हणाले आणि चेअरमनच्या खुर्चीत बसले. चेअरमन उभे राहिले.

कृष्णात बेकनचं पाकीट आणायला खाली गेला. खोकं त्यानं जिन्याखाली शालूबाईंच्या दारासमोर ठेवलं होतं. खोकं उघडं, पाकीट फोडलेलं, आणि शालूबाई पातेलं पुढं घेऊन बसलेल्या. चेहऱ्यावर सत्कार्य केल्याचं समाधान.

"धुऊन ठेवलंय बघा," त्या म्हणाल्या. "तीन पाण्यानं. लई चिकट होतं की! आणि हळद-मीठ लावलंय. आलं-लसणाचं वाटण बी चोळलंय थोडं. चटणी तेवढी तुम्ही टाका."

कृष्णात पातेल्यात बघत राहिला. गोव्याहून आलेलं, संमतिपत्रावर सुटलेलं बेकन पिवळंधमक होऊन पडलं होतं. शालूबाईंना बोलणार काय? कोल्हापुरात मांस घरात आलं की पहिलं हळद-मीठ लागतं. ते न लावणारी बाई इथं अजून जन्मायची आहे. त्यांनी कुणाचं वाईट केलं नव्हतं. आण्णांवर त्यांचाही जीव होता.

गच्चीवरून त्यानं शिवानीला व्हिडिओ कॉल लावला. तिला आठवा महिना, विमानात बसायला डॉक्टरांनी बंदी केलेली. बाप गेला तरी येता आलं नाही म्हणून तिचा चेहरा रडून रडून सुजला होता.

"काका, हे पिवळं का आहे?"

"हळद लागलीय, बाळा."

"काका, ते आधीच खारवलेलं असतं! मीठ लावलंत?"

"लागलंय ते बी."

शिवानी हसायला लागली. दहा दिवसांत पहिल्यांदा हसत असावी. हसता हसता तिनं फोन बाजूला ठेवला, आणि पडद्यावर नुसतं तिकडचं छत दिसायला लागलं. आवाज येत होता तो हसण्याचा नव्हता. कृष्णात छताकडं बघत "बाळा, रडू नगंस," म्हणत राहिला, आणि इकडं तव्यावर ठेवलेलं बेकन जळलं. सगळं नाही, अर्धं. उरलेलं तात्या काठीनं ढोसून उलथत होते.

चॉकलेट वितळायला कष्ट पडले नाहीत, एप्रिलच्या उन्हात ते पिशवीतच वितळलं होतं. ते घट्ट करायचं कसं, हा प्रश्न होता. अनुजाचा फ्रिज बंद. चेअरमन म्हणाले, फ्रिजसाठी वेगळा अर्ज लागेल. मग त्याच थर्माकोलच्या खोक्यात नवा बर्फ भरून त्यात ताट ठेवलं. बर्फाचं पाणी झालं, ताट कलंडलं, पाणी चॉकलेटात गेलं. संध्याकाळी मोजले तेव्हा शाबूत तुकडे निघाले सात. बाहेरून काळे, पांढरे डाग पडलेले, मोडलेल्या कडेला आत हळद. होळी झाल्यावर सकाळी राखेत जे सापडतं तसे दिसत होते. चेअरमन हळूच म्हणाले, "शेवटी भावना महत्त्वाची," आणि घरी गेले.

बारावा दिवस. घाट. पत्रावळीत भात, भजी, चहा, भडंग, आणि मधोमध ते सात तुकडे. या वेळी दोनशे माणसं. शंभर आण्णांसाठी, शंभर डुकरासाठी. वहिनी पुढं उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून, नजर कठड्यावर.

कावळे आले. एकानं चॉकलेटाला चोच लावतोय असं केलं, आणि तो चोच घासून उडून गेला. अर्धा तास झाला. तास झाला. चॉकलेट पाघळून भाताकडं निघालं. नऊ दिवस पळापळ केली, सह्या घेतल्या, गल्लीत हसं करून घेतलं, आणि आण्णा अजून रुसलेलेच.

"बोल, किश्न्या," तात्या म्हणाले. "तुझ्याकडंच बघालाय तो."

कृष्णात पुढं झाला. बोलायचं पाठ करून आला होता: उशीर झाला, अडचणी आल्या, वस्तू आणलेली आहे, गोड मानून घ्यावी. त्यातलं काहीच आठवेना.

"आण्णा," तो म्हणाला, "आलोय मी."

तो नुसता हात जोडून उभा राहिला. आणि कठड्यावरनं एक कावळा उतरला, सरळ पत्रावळीत गेला.

"शिवला! शिवला!" दोनशे माणसं ओरडली. बायका रडायला लागल्या. तात्यांनी काठी वर केली. कुणीतरी कृष्णातच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "जिंकलास गड्या, डुकरानं काम केलं!" माणसं हातपाय धुऊन जेवायला निघाली. वाटेत जो तो बेकनचं कौतुक करत होता.

कावळा कशाला शिवला ते कुणी बघितलं नव्हतं. कृष्णातनं बघितलं होतं. कावळ्यानं भाताचं शीत उचललं होतं. कृष्णातनं पत्रावळीतले तुकडे मोजले. सात.

त्यानं ते कागदात गुंडाळून घेतले आणि घाटाच्या पायरीवर बसला. टाकवेनात. गाईला घालवेनात. एक उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

मीनावहिनी येऊन दोन हात सोडून बसल्या. नऊ दिवसांनी त्या बोलल्या.

"कसं लागतंय?"

"वाईट," कृष्णात म्हणाला.

"हं. ह्येबी असंच म्हणालते."

कृष्णात चावायचा थांबला.

"जत्रंत पोरीनं रांगेत उभं राहून आणलं. ह्यांनी एक घास खाल्ला, आणि तिचं लक्ष न्हाय बघून रुमालात थुंकला. मला म्हणाले, मीना, असलं घाण कधी खाल्लं न्हाय. पर एवढ्या लांब जाऊन आलो, गल्लीला काय सांगू, आमटी-भात खाल्ला म्हणून?"

"मग वहिनी, माझ्याकडं कशाला मागितलं?"

वहिनींनी नदीकडं बघितलं.

"तुम्ही गेल्यावर मीबी इचारलं, आवं, असलं कसलं मागितलासा? तर म्हणाले, सोपं काय सांगितलं असतं, तर किश्न्या उद्या देऊन मोकळा झाला असता. अवघड सांगितलं की रोज येतोय बघ, कुठंवर आलं ते सांगाय." त्या थांबल्या. "दुपारचं झोपायचे न्हाईत. मी दार पुढं केलं की म्हणायचे, राहू दे उघडं."

"वहिनी, तवा घाटावर तुम्ही मग..."

"मला वाटलं, तुम्हाला कळंल," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही पार्सल आणाय गेलासा."

त्या उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि माणसांच्या मागून चालायला लागल्या. कृष्णात पायरीवर बसून राहिला. उरलेले सहाही तुकडे त्यानं एकामागून एक खाल्ले. सगळे वाईट लागले.